रोजच्या व्यवहारातील नोट कशी वाचावी

नोटेवरील एखादे चिन्ह नक्कल अवघड करण्यासाठी असते, तर एखादे देशाने स्वतःची ओळख कशी करून द्यायची ठरवले हे सांगते. पुष्कळ चिन्हे ही दोन्ही कामे करतात. ती नीट वाचायची असतील तर महात्मा गांधी (नवीन) मालिकेतील पन्नास रुपयांची, फारशी न चुरगळलेली नोट घ्यावी, जवळ एक भिंग ठेवावे आणि खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बसावे. पन्नासच्या नोटेपासून सुरुवात करण्याचे कारण असे की, ती सहज हाती येते आणि तिच्या मागील बाजूचे चित्र मराठी माणसाच्या भक्तिपरंपरेशी जोडलेले आहे.

प्रथम पुढच्या बाजूचा उजवा भाग पाहावा. तेथील अशोकस्तंभ म्हणजे सारनाथचे सिंहशीर्ष होय. स्वातंत्र्यानंतर नोटेवरील इंग्लंडच्या राजाच्या चित्राऐवजी गांधीजींचे चित्र घ्यावे असा विचार प्रथम झाला होता आणि तशी रेखाटनेही तयार झाली होती. परंतु अखेरीस सिंहशीर्षावर एकमत झाले आणि १९४९ साली ते एक रुपयाच्या नोटेवर आले. त्यानंतर गव्हर्नरांच्या सहीजवळची रिझर्व्ह बँकेची मुद्रा भिंगातून पाहावी. तीत ताडाचे झाड आणि वाघ दिसतो. या मुद्रेचे मूळ ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवरील सिंह व ताड यांत आहे. मात्र भारताची ओळख म्हणून वाघ अधिक योग्य वाटल्याने सिंहाची जागा वाघाने घेतली, आणि त्यासाठी कलकत्त्याच्या बेल्व्हेडेअर येथील प्रवेशद्वारावरचा वाघ नमुना म्हणून निवडला गेला. सहीच्या जागेलाही इतिहास आहे. रायगड जिल्ह्यातील नाते येथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि त्यांची सही असलेल्या जुन्या नोटा संग्राहक आजही आवर्जून जपतात.

मधोमध असलेले गांधीजींचे चित्र एखाद्या चित्रकाराच्या कल्पनेतून उतरलेले नाही. १९४६ साली तेव्हाच्या व्हाइसरॉय हाउसमध्ये गांधीजी ब्रिटिश भारतमंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स यांच्यासमवेत उभे असताना छायाचित्र घेतले गेले होते, त्यातील केवळ गांधीजींचा चेहरा येथे घेतला आहे. १९९६ च्या मालिकेपासून हे चित्र नोटांवर कायम झाले. परंतु गांधीजी नोटेवर पहिल्यांदा आले ते १९६९ साली, जन्मशताब्दीनिमित्त, आणि त्या नोटांवर ते वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमाच्या पार्श्वभूमीवर बसलेले दाखवले आहेत.

आता नोट उजेडासमोर धरावी. कोऱ्या दिसणाऱ्या भागात गांधीजींची प्रतिमा आणि ‘५०’ हा आकडा जलचिन्हाच्या रूपाने उमटतो. डाव्या बाजूच्या आकड्याचा काही भाग पुढून आणि काही मागून छापलेला असल्यामुळे तो उजेडातच पूर्ण होतो. सुरक्षा धाग्यावर ‘भारत’ हा शब्द वाचता येतो. क्रमांकाचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. पुढच्या तीन अक्षर-अंकांनंतर तारा छापलेला असेल, तर ती नोट छपाईत सदोष निघालेल्या नोटेच्या जागी घातलेली आहे, असे समजावे. ती पूर्णपणे वैधच असते.

मग नोट उलटावी आणि डावीकडच्या भाषापट्टीवर भिंग ठेवावे. येथे घाई करू नये. पंधरा भाषांमध्ये नोटेचे मूल्य लिहिलेले असते, आणि त्यांचा क्रम भाषांच्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने लावलेला असल्यामुळे आसामी पहिली व उर्दू शेवटची येते, तर मराठी आठवी, म्हणजे बरोबर मध्यावर. सहाव्या ओळीत कोकणी आहे, सातव्या ओळीत मल्याळम, आणि मराठीच्या खाली नेपाळी. कोकणी व नेपाळी या भाषा १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत आल्या. त्यापूर्वीच्या नोटांवर या ओळी सापडत नाहीत. माझ्या मते संपूर्ण नोटेवर याहून बोलका भाग दुसरा नाही, कारण पट्टीतील प्रत्येक ओळ सारख्याच आकाराची आहे.

मागील बाजूचे चित्र हंपीच्या दगडी रथाचे आहे. हा रथ खरे तर गरुडाचे देऊळ असून तो विठ्ठल मंदिराच्या प्रांगणात उभा आहे. एकाच दगडात कोरल्यासारखा दिसत असला तरी तो ग्रॅनाइटचे अनेक खंड जोडून घडवलेला आहे; त्याच्यापुढे आज हत्ती दिसतात, पण पूर्वी तेथे घोडे होते आणि घोड्यांच्या मागच्या पायांचे अवशेष हत्तींमागे अजूनही आहेत. वारकरी परंपरा असे सांगते की, पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरला, म्हणजे या हंपीलाच, नेली गेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली. परंपरेतील कथा आणि शिलालेखातील पुरावा यांतील भेद पाळावा, तरीही पन्नासच्या नोटेवर विठ्ठलाचे अंगण आहे हे आपल्या वाचकांना माहीत असायलाच हवे.

याच पद्धतीने इतर नोटा वाचता येतात. वीसच्या नोटेवर बौद्ध, हिंदू आणि जैन अशा तिन्ही धर्मांची लेणी एकाच डोंगररांगेत असलेले वेरूळ आहे. दहाच्या नोटेवर कोणार्कचे चक्र आहे, दोनशेच्या नोटेवर सांचीचा स्तूप आणि पाचशेच्या नोटेवर लाल किल्ला. शंभरच्या नोटेवरची गुजरातमधील पाटणची विहीर राणी उदयमतीने पती भीमदेव यांच्या स्मरणार्थ बांधवली.

एक रुपयाची नोट मिळाली तर ती वेगळी वाचावी. ती रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते, म्हणून तिच्यावर गव्हर्नरांऐवजी केंद्रीय वित्त सचिवांची सही असते आणि ‘अदा करण्याचे’ वचनही नसते. अलीकडच्या नोटांच्या मागील बाजूस समुद्रातील एक तेलफलाट दिसतो. तो ‘सागर सम्राट’ आहे, ज्याने १९७४ साली मुंबई हायमधील पहिली विहीर खोदली.