अवोकाडोची बी लावताय? या चुका टाळा

फळ खाल्लं, बी धुतली, ओट्यावर ठेवली आणि रविवारी लावू म्हटलं, इथेच निम्म्या बिया जातात. ही बी मूग-मटकीसारखी वाळवून ठेवायची नाही, फणसाच्या आठळीसारखी आहे, सुकली की आतला जीव गेला, म्हणून त्याच दिवशी लावा नाहीतर ओल्या कापडात गुंडाळून ठेवा.

सपाट बाजू खाली, टोक वर. उलटी लावली तर नीट रुजत नाही. पाण्यात खालचा भागच बुडवा आणि पाणी दोन-तीन दिवसांनी बदला. मग थांबा!! २ ते ६ आठवडे सहज लागतात, थंडीत अजून जास्त. मध्येच बी उभी तडकते तेव्हा खराब झाली म्हणून फेकू नका प्लीज, ती रुजतेय, आधी मूळ येतं आणि कोंब बराच नंतर. मऊ पडली, वास यायला लागला तरच टाका.

कोंब १५ सेंमीचा झाला की अर्धा छाटा. जीवावर येतं, मला पण आलं होतं, पण नाही छाटलं तर नुसती काठी वाढते आणि वर चार पानं.

आता खरी चूक, पाणी. माझं पहिलं रोप असंच गेलं, पानं मलूल दिसली म्हणून रोज पाणी घालत राहिले आणि कुंडीतून काढलं तर मुळं काळी. अवोकाडोच्या मुळांना हवा लागते, माती सतत ओली राहिली की फायटोफ्थोरा नावाची मूळकूज लागते आणि मग माती ओली असूनही पानं माना टाकतात, आपल्याला वाटतं तहान लागलीय. म्हणून आधी बोट दोन इंच मातीत घालून बघा, ओलं लागलं तर पाणी नाही. कुंडीला भोकं हवीतच, मातीत कोकोपीट आणि जाडी वाळू घाला, पाण्यातून कुंडीत लावताना बी अर्धी मातीच्या वर ठेवा, पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्या.

पानांची टोकं तपकिरी पडली तर बहुतेक क्षार असतात, बोअरचं पाणी किंवा जास्त खत. खत बंद करा, पावसाचं पाणी साठवून वापरा. नवीन रोप एकदम एप्रिलच्या उन्हात ठेवलं तरी पानं भाजतात, आधी सकाळचं ऊन द्या.

आणि फळ? ५ वर्षं ते १०-१२ पण लागतात, आणि हापूसची कोय लावली म्हणून हापूस येत नाही तसंच इथे. हास जातीचं पहिलं झाड कॅलिफोर्नियात अशाच एका बीपासून उगवलं, १९३५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं, ते झाड २००२ मध्ये गेलं पण जगातली सगळी हास झाडं त्याच्याच कलमांची आहेत. तेव्हा फळच हवं असेल तर नर्सरीतून कलम आणा, नाहीतर तुमचं रोप पेन्सिलएवढं जाड झालं की त्याच्यावरच चांगल्या जातीचं कलम बांधून घ्या.