‘तक्रार निकाली’ म्हणे, पण झाकण कुठंय?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराच्या चेंबरवर झाकण नव्हतं. पालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली, तर चौथ्या दिवशी मेसेज आला: ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ जाऊन बघतो तर भोक तसंच, वर कुणीतरी झाडाची फांदी खोचलेली! पुन्हा तक्रार, पुन्हा निकाली.

मग पद्धत बदलली. फोटोवरच तारीख, वेळ आणि ठिकाण उमटवणारं कॅमेरा ॲप घेतलं. ‘निकाली’ मेसेजचा स्क्रीनशॉट आणि त्याच दिवशीचा फोटो जोडीनं ठेवला. नंतर मोबाइलवरूनच माहिती अधिकाराचा ऑनलाइन अर्ज केला. फी १० रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, ते बरंच आहे. नाहीतर मी राग लिहीत बसलो असतो. ‘झाकण का नाही?’ असं विचारलं नाही. माहिती अधिकारात ‘का’चं उत्तर मिळत नाही, दप्तरी असलेला कागद मागावा लागतो. म्हणून तक्रार क्रमांक देऊन काम झाल्याचा फोटो, मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) नोंद आणि तक्रार बंद करणाऱ्याचं पदनाम मागितलं.

उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. झाकण त्याआधीच बसलं. उत्तर अजून यायचंय. नाही आलं तर पहिलं अपील, म्हणजे त्यांच्याच वरिष्ठाकडे दाद मागणारा अर्ज, तयार आहे.