ओझरचं मिग-२१ घरच्या टेबलावर: कागदाचं लढाऊ विमान कसं करायचं

कागदाचं लढाऊ विमान पहिल्यांदाच करणारे बरेच जण हौसेने स्पिटफायर हे जुनं ब्रिटिश लढाऊ विमान घेतात आणि त्या लंबगोल पंखांपाशी वैतागून सोडून देतात. नाशिककराने मिग-२१ घ्यावं. एक तर ते आपल्या ओझरचं. १९६४ साली एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना तिथे आला तो मिगसाठीच. १९७१ च्या युद्धात १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागली, तीही मिग-२१ विमानांनी. शिवाय आकार सोपा आहे: एक नळी, तिच्या तोंडात शंकू आणि दोन बाजूंना त्रिकोण.

कागदी मॉडेलवाल्यांचं नेहमीचं प्रमाण १:३३. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, म्हणजे आपल्याकडे साधारण २१.७ सेंटीमीटर. आराखडा छापून घेताना झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज काढा, शंभर टक्क्यांवर छापा’ असं बजावून सांगा. माझी एकदा चार पानं बरोबर आली आणि पाचवं किंचित लहान. घरी बसून पाहतो तर शेपटी धडाला बसेना. आता मी दुकानातच पट्टी लावून पंख मोजतो. कागद जाडसर, १६० ते २०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन तितके ग्रॅम) घ्या. प्रिंट लेझरचा बरा, कारण इंकजेटची शाई ओल्या गोंदाने फुटते.

बाकी सामान घरातलंच: कटर, स्टीलची पट्टी, स्वेटर विणायची सुई, टूथपिक, फेव्हिकॉल, संपलेलं बॉलपेन आणि वहीच्या मागचा पुठ्ठा.

आधी रेघ, मग कात्री

घडीच्या प्रत्येक रेघेवरून पट्टी धरून ते संपलेलं बॉलपेन दाबून फिरवा. भाग कापल्यावर हे करायला गेलात तर कागद सरकतो. कापून झालं की पांढऱ्या दिसणाऱ्या कडांवर करड्या रंगाची पेन्सिल फिरवा. दोन मिनिटांचं काम, पण ते टाळलं तर प्रत्येक सांधा पांढरा दात दाखवतो.

धड

सगळी गंमत आणि सगळा त्रास इथेच. कागद एका दिशेने मुकाट वळतो, दुसऱ्या दिशेने कुरकुरतो. हातात धरून हलकेच वाकवलं की कळतं. ज्या दिशेने तो सहज वळतो तिकडूनच नळी वळली पाहिजे. ए-४ कागद सहसा लांबीच्या बाजूने उभा धरून सहज गुंडाळतो, पण खात्री करून घ्या.

भाग घडी केलेल्या टॉवेलवर पालथा ठेवा आणि विणायची सुई दाबत पुढेमागे लाटा. पोळीसारखं एकदम जोर लावून नाही, हलक्या हाताने दहाबारा वेळा. कागद हातातून सोडला तरी गोल राहू लागला, की मगच गोंद. गोंदाच्या जोरावर सपाट कागद गोल करायला जाल तर सांध्यापाशी हमखास कोपरा उमटतो. गोंदही टूथपिकच्या टोकावर मावेल इतकाच. एका श्रावणात मी ब्रशने भरभरून लावला होता. सकाळपर्यंत विमानाचा पापड झाला होता.

आता आतल्या चकत्या. पुठ्ठ्याच्या या गोल चकत्या नळीचा आकार धरून ठेवतात. त्या छापील रेघेच्या किंचित आतून कापा आणि कडेला पॉलिश पेपर मारा. केसभर मोठ्या राहिल्या तर बाहेरून हडकुळ्या गाईच्या बरगड्यांसारख्या दिसतात, आणि मग उपाय नसतो. चकती नळीत सैलसर सरकली पाहिजे. नळ्यांचे उभे सांधे सगळे पोटाखाली एका रेषेत ठेवा.

नाक बंद करण्याआधी आत सायकलचे चारपाच छर्रे गोंदात रुतवा. का, ते शेवटी.

नाकातला शंकू

खऱ्या मिग-२१ च्या एफएल या प्रकारात या शंकूत रडार असायचं. वर्तुळाची फाक कापून टूथपिकभोवती वळवली की शंकू तयार. टोकाला गोंदाचा एक थेंब सोडून बोटाने गोल करा.

पंख

पुढची कड घडीची असते. आत पुठ्ठ्याची एक पट्टी घाला, फक्त मागची कड चिकटवा आणि पोळपाटाखाली रात्रभर दाबून ठेवा. पंख धडाला लावताना समोरून बघा: मिगचे पंख टोकांकडे अगदी थोडे खाली झुकतात, दोनेक अंश. नवखा माणूस ते हटकून वर उचलतो आणि विमान खेळण्यातलं दिसायला लागतं. पंखांवरच्या वायुदलाच्या तिरंगी वर्तुळात केशरी बाहेर, हिरवा मध्यभागी.

काच, काडी, चाकं

वैमानिकाच्या डोक्यावरची काच द्राक्षांच्या पनेटच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या डब्याच्या, झाकणातून कापा. हंगामात नाशिकच्या कुठल्या घरात एखादं पनेट सापडणार नाही! नाकापुढची लांब काडी म्हणजे खराट्याचा हीर, चंदेरी रंग देऊन.

चाकांवर विमान शेपटीकडे कलंडू पाहतं, म्हणून नाकात ते छर्रे. टाकायचे राहिले असतील तर नाक उकलत बसू नका. चाकं लावूच नका. पाठीत सुईने दोरा ओवा आणि पंख्यापासून लांब टांगा.