प्रदूषक नेमका गेला कुठे? जलशुद्धीकरणाच्या प्रयोगांत या चुका टाळा

नव्या अधिशोषकाची, म्हणजे प्रदूषकाला आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या पदार्थाची, चाचणी घेताना आपण पाण्यातील प्रदूषकाची आधीची आणि नंतरची संहती (लिटरमागे किती प्रदूषक आहे ते) मोजतो, वजाबाकी करतो आणि '९८ टक्के निष्कासन' असे लिहून मोकळे होतो. या वजाबाकीतून एवढेच कळते की मोजण्याच्या पद्धतीला तो पदार्थ आता पाण्यात दिसत नाही. तो अधिशोषकावर बसला, साका होऊन तळाशी गेला, रूप बदलून पाण्यातच राहिला की गाळताना फिल्टरला चिकटला, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. ही तपासणी न केल्यामुळे फसलेले निष्कर्ष मला सर्वांत गंभीर वाटतात, कारण असे प्रयोग पुन्हा केले तरी तेच चुकीचे उत्तर येते.

साक्याला अधिशोषण समजणे

तांब्याच्या प्रयोगात ही चूक सहज होते. लिटरला १०० मिलिग्रॅम तांबे असलेल्या द्रावणाचा सामू ६ च्या आसपास गेला की तांब्याचे हायड्रॉक्साइड आपोआप अवक्षेपित होऊ लागते, म्हणजे साका होऊन वेगळे पडते. बायोचारमध्ये, म्हणजे अधिशोषक म्हणून वापरल्या जाणाऱ्या जैविक कोळशात, राखेचा अल्कधर्मी अंश असतो, त्यामुळे सुरुवातीला ५ असलेला सामू ढवळता ढवळता ७ च्या पुढे जाऊ शकतो आणि सगळे श्रेय बायोचारला मिळते. म्हणून सामू शेवटीही मोजावा. अधिशोषक न घालता केलेली कोरी चाचणी सुरुवातीच्या सामूला करून भागत नाही. ती शेवटच्या सामूलाही करावी, म्हणजे साक्याचा वाटा वेगळा काढता येतो.

रूप बदललेला प्रदूषक न मोजणे

षट्संयुजी क्रोमिअम हे याचे ठळक उदाहरण आहे. आम्लधर्मी पाण्यात वनस्पतिजन्य अधिशोषक त्याचे क्षपण करून, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन, त्रिसंयुजी क्रोमिअम तयार करतात. डायफेनिलकार्बाझाइड या रंग आणणाऱ्या अभिकारकाने ५४० नॅनोमीटर तरंगलांबीला होणारी मोजणी फक्त षट्संयुजी रूपाला दाद देते, त्यामुळे त्रिसंयुजी क्रोमिअम पाण्यात तसेच असताना निष्कासन जवळजवळ पूर्ण झाल्यासारखे दिसते. त्याच नमुन्यातील एकूण क्रोमिअम अणुशोषण वर्णपटमापनाने मोजले, तर दोन आकड्यांमधील फरक क्षपण होऊन पाण्यातच राहिलेल्या क्रोमिअमचे प्रमाण दाखवतो. षट्संयुजी रूप कितीतरी अधिक विषारी असल्याने हे क्षपणही उपयोगाचे आहे, परंतु त्याला अधिशोषण म्हणता येणार नाही.

प्रकाश-उत्प्रेरकांच्या, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने प्रदूषकाचे विघटन करणाऱ्या पदार्थांच्या, अभ्यासात मिथिलीन ब्लू हे निळे रंगद्रव्य असाच चकवा देते. निळा रंग गेला म्हणजे रेणूचे कार्बन डायऑक्साइडपर्यंत विघटन झाले असे होत नाही. क्षपणाने त्याचे रंगहीन रूप तयार होते आणि ऑक्सिजन मिळताच ते पुन्हा निळे होते. शिवाय हे रंगद्रव्य स्वतःच दृश्य प्रकाश शोषून उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देऊ शकते, त्यामुळे उत्प्रेरक दृश्य प्रकाशात काम करतो हा निष्कर्ष एकट्या रंगद्रव्यावरून काढू नये. फिनॉलसारखा रंगहीन प्रदूषक जोडीला घ्यावा, एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा आणि दिवा लावण्यापूर्वी अंधारात अधिशोषणाचा समतोल येऊ द्यावा.

गणितातील घसरण

सुरुवातीची संहती १०० आणि शेवटची ९७ असेल, आणि प्रत्येक मोजणीत २ टक्के अनिश्चितता असेल, तर ३ च्या फरकात अनिश्चितताच सुमारे २.८ इतकी येते. उच्च संहतीला आणि अधिशोषकाच्या कमी मात्रेला काढलेली भलीमोठी क्षमता (दर ग्रॅम अधिशोषकावर बसणारा प्रदूषक) पुष्कळदा अशा फरकावर उभी असते. अशा वेळी मात्रा इतकी वाढवावी की संहतीत ठळक घट दिसेल.

अधिशोषणाचा वेग मांडणाऱ्या 'छद्म द्वितीय कोटी' या गणिती प्रतिमानासाठी काळ भागिले अधिशोषित प्रमाण हे काळाविरुद्ध आलेखले जाते. काळ दोन्ही अक्षांवर असल्याने समतोलाजवळचे बिंदू भरपूर घेतले की रेषा सरळ येणारच. त्यावरून रासायनिक बंध तयार झाल्याचे सिद्ध होत नाही. मूळ वक्रावर अरेषीय पद्धतीने जुळणी करावी आणि पहिल्या काही मिनिटांतील नमुने दाट घ्यावेत.

पाणी खऱ्यासारखे नसणे

पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम आर्सेनिक घालून घेतलेली चाचणी त्याच्या ५००० पट संहतीवर होते. त्या टोकाला मिळालेली क्षमता या टोकाला लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही. लोह ऑक्साइडच्या अधिशोषकावर आर्सेनिक ज्या जागांवर बसते, त्याच जागांसाठी फॉस्फेट आर्सेनेटशी (आर्सेनिकच्या पंचसंयुजी रूपाशी) स्पर्धा करते, सिलिकेटही अडथळा आणते. ऑक्सिजन नसलेल्या भूजलात आर्सेनिक बहुधा त्रिसंयुजी रूपात असते आणि सामू ९ पर्यंत त्याचा मोठा भाग विद्युतभारहीन राहतो, म्हणून तो निघायला अवघड जातो. केवळ सोडियम आर्सेनेटवर चाचणी घेऊन थांबल्यास हा अवघड भाग कधी तपासलाच जात नाही.

पुनर्वापर तपासताना

अधिशोषक पाच वेळा वापरला एवढे लिहून भागत नाही. प्रत्येक धुण्यात किती प्रदूषक परत सुटला तेही मोजावे, कारण बसलेले आणि सुटलेले यांचा हिशेब जुळला तरच अधिशोषणाचा दावा टिकतो. आम्लाने धुताना लोह ऑक्साइडचा थर स्वतःच विरघळू शकतो, म्हणून त्या धुवणात प्रदूषकाबरोबर लोहही मोजावे. पाण्यात तेलासारखे सहज न मिसळणारे सेंद्रिय प्रदूषक असतील, तर अधिशोषक नसलेले ज्ञात द्रावण त्याच फिल्टरमधून आणि त्याच प्लास्टिकच्या नळीतून नेऊन त्यातील घट आधी नोंदवावी.