प्लग पुसायचा की बदलायचा?

माझे बाबा मुंबईत टॅक्सी चालवायचे, प्रीमियर पद्मिनी. रविवारी सकाळी चाळीखाली बॉनेट उघडून चारही स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे) काढायचे आणि वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवायचे. मी फडकं घेऊन पुढे सरसावले की हात धरायचे. "बाय, आधी बघ, मग पूस." पुसला की प्लग गप्प होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. प्लगच्या टोकावरची काजळी म्हणजे इंजिनातल्या त्या सिलिंडरने लिहिलेली चिठ्ठी, आणि वाचायच्या आधीच ती फाडून टाकायची नाही.

आता मी चिपळूणला असते. माझी गाडी तीन सिलिंडरची, सीएनजीवरची. आमच्या भावोजींकडे अजून १९९७ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली, म्हणजे संगणकाशिवाय हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारी. या दोन्ही गाड्यांचे प्लग मीच काढते, बघते आणि बसवते. शाळेतले सहकारीही विचारतात : मिस्त्री म्हणतो चारही बदला, शेजारी म्हणतात पॉलिश पेपर मारा, काय करू? माझं उत्तर नेहमी दोन प्रश्नांनी सुरू होतं. प्लग किती किलोमीटर चाललाय? आणि काळा झाला असेल तर कशाने झाला? ही दोन उत्तरं मिळेपर्यंत पॉलिश पेपर हातात घेऊ नका आणि दुकानातही जाऊ नका.

पहिला प्रश्न का, ते सांगते. ठिणगीला उडी मारायला धारदार कोपरा लागतो. नव्या प्लगची मधली काडी वरून सपाट असते, तिच्या कडा टोकदार असतात, वरच्या वाकड्या पट्टीच्याही असतात. हजारो किलोमीटर ठिणग्या पडून या कडा झिजतात, गोल होतात आणि दोघांमधली फट वाढत जाते. मग तीच ठिणगी पाडायला कॉइलला, म्हणजे बॅटरीच्या विजेचा दाब वाढवणाऱ्या भागाला, जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. चढावर किंवा थंड इंजिनावर ते कमी पडलं की गाडी मिसिंग मारते, म्हणजे एखादा सिलिंडर पेट न घेता झटके देतो. कितीही घासलं तरी गेलेली कड परत येत नाही, घासून फक्त काजळी जाते. म्हणून साधा निकेलचा प्लग वीस-तीस हजार किलोमीटर चालला असेल तर तो कितीही स्वच्छ दिसू दे, मी पुसत बसत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी कॉइलवर ताण कशाला द्यायचा? इरिडियमचे प्लग महाग असतात, पण ते बऱ्याच गाड्यांत लाखभर किलोमीटरपर्यंत जातात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात दिलेला असतो, तोच धरा.

बाबा दर महिन्याला प्लग घासायचे ते चूक नव्हतं. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं (देशभर शिसंविरहित पेट्रोल २००० साली आलं), कार्बोरेटरचं मिश्रण हाताने लावलेलं असायचं, आणि टॅक्सी दिवसभर सिग्नलला उभी राहून राहून प्लग काळे व्हायचे. घासून झाल्यावर हॅक्सॉ ब्लेडचा एक तुकडा फटीत घालून ते गॅप, म्हणजे ती फट, नीट लावायचे. ब्लेडची जाडी सहा दशांश मिलिमीटरच्या आसपास असते, त्या काळच्या गाडीला ती चालून जायची. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत संगणक मिश्रण सांभाळतो. त्यामुळे प्लग काळा झाला तर त्याला कुठलं तरी कारण असतं, आणि ते शोधावंच लागतं.

आता काढायचे कसे. सोसायटीत गाडी जरा मागे-पुढे करून बंद केली आणि प्लग काढला, तर तो काळाच दिसणार. थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं. ही चिठ्ठी खोटी असते. मी आदल्या संध्याकाळी परशुराम घाट चढून लोट्यापर्यंत जाऊन येते, गाडी नीट तापू देते आणि रात्रभर तशीच ठेवते. सकाळी इंजिन पूर्ण थंड असतं. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून (सिलिंडरांवरचं झाकण, प्लग यातच बसतात) गरम असताना प्लग काढला तर आटे खराब होण्याची भीती असते, म्हणून थंडच हवं.

एका वेळी एकच कॉइल किंवा वायर काढा. वायर ओढू नका, प्लगच्या डोक्यावरचं टोपण धरून जरा फिरवत काढा. प्लगच्या खड्ड्यात आधी हवा मारा. पंक्चरवाल्याकडची चालते, सायकलचा पंपही चालतो. तिथली वाळू सिलिंडरमध्ये पडली तर प्लगपेक्षा मोठं काम निघतं. पाना तुमच्या गाडीला १४चा लागतो, १६चा की २१चा, ते आधी बघून घ्या. आत रबर असलेला प्लग पानाच वापरा, म्हणजे प्लग धरला जातो आणि त्याच्या पांढऱ्या सिरॅमिकला धक्का बसत नाही. काढलेले प्लग कागदावर १, २, ३ लिहून त्या त्या आकड्यावर ठेवा. हा क्रम हरवला तर निम्मी माहिती हरवली.

मग खिडकीजवळ उजेडात बसा आणि बघा.

फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग, कडा शाबूत : सिलिंडर ठीक आहे. किलोमीटर कमी असतील तर गॅप मोजा आणि परत बसवा, घासायचं काहीही कारण नाही. कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा इंजिन पुरेसं तापत नाहीये. एअर फिल्टर आधी बघा. आमच्याकडे पावसाळ्यात तो ओलसर होतो आणि उन्हाळ्यात लाल धुळीने भरतो. भावोजींच्या ८००मध्ये चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) पूर्ण परत जात नव्हता, केबल अडकत होती. त्यांनी तीन वेळा प्लग घासून घेतले होते आणि दर वेळी पंधरा दिवसांत ते काळे. केबलला तेल घातलं, मग चौथ्यांदा घासले, ते अजून चालू आहेत. घर ते शाळा तीन किलोमीटर एवढीच गाडी चालत असेल तर बाकी सगळं ठीक असूनही काजळी धरते, कारण प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर गेलं की मगच कार्बन आपोआप जळतो. अशा वेळी आधी हायवेला अर्धा तास गाडी काढा. पुष्कळदा तेवढंच पुरतं.

पेट्रोलने ओला प्लग पावसात सकाळी चालू न होणाऱ्या गाडीत सापडतो. वास घेतला की कळतं. तो वाळवा, सिलिंडरमधलं पेट्रोलही उडू द्या आणि परत लावा. तो घरच्या गॅसवर धरून तापवू नका, हे मी हात जोडून सांगते. पेट्रोल लागलेली वस्तू पेटत्या शेगडीवर न्यायची नसते, आणि सिरॅमिकला असा एकदम चटका बसला तर ते तडकतं.

तेलाने ओला, चिकट, काळा असेल तर थांबा. तेल टोकाला आहे की बाहेरून, ते बघा. फक्त बाहेरच्या आट्यांवर आणि खड्ड्यात तेल असेल तर इंजिनावरच्या टॅपेट कव्हरचं किंवा प्लगच्या नळीचं सील गळतंय. ते बदला, प्लग बाहेरून पुसा, टोपणही पुसा. तेल टोकालाच असेल तर ते वॉल्व्ह सीलमधून नाहीतर पिस्टन रिंगवरून येतंय. तो प्लग धुतला तर चार दिवस बरं वाटेल आणि मग पुन्हा तेच. इथे पैसे इंजिनावर लागणार आहेत, हे लवकर कळलेलं बरं.

पांढरा फटक, फोड आलेला, कड वितळल्यासारखा प्लग मला सगळ्यांत जास्त घाबरवतो. इंजिन जास्त तापतंय, हवा जास्त जातेय, ठिणगीचं टायमिंग चुकलंय किंवा चुकीच्या हीट रेंजचा (टोकाची उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते) प्लग बसलाय. हीट रेंजचा घोळ असा की एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड आणि बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. दुकानदाराने "तसाच आहे" म्हणून दुसऱ्या कंपनीचा दिला तर नुसता आकडा जुळवू नका, तक्ता बघायला लावा. असा भाजलेला प्लग पुसून लावायचा नाही. कारण सापडेपर्यंत गाडी लांब न्यायचीही नाही.

सीएनजीवाल्यांनी एक लक्षात ठेवा. गॅसवर प्लग कोरडा आणि फिकट, जवळजवळ पांढरा दिसतो, त्यामुळे रंगावरून सगळं उत्तम वाटतं. पण गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून फट थोडी वाढली तरी गॅसवर गाडी घाटात अडखळते आणि पेट्रोलवर टाकली की सुरळीत चालते. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं. प्लग दिसायला सुंदर होते, गॅप मात्र पुस्तकातल्यापेक्षा बरीच वाढलेली. सरळ बदलले. गॅसच्या गाडीला पेट्रोलच्या हिशेबापेक्षा लवकर प्लग लागतात, ते धरूनच चाला.

आणि एकच प्लग वेगळा दिसला तर? तेव्हा मला खरं तर आनंद होतो, कारण शोध सोपा होतो. हवा, फिल्टर, पेट्रोल हे तर सगळ्या सिलिंडरना एकच. मग एकाच ठिकाणी बिघाड म्हणजे तिथली कॉइल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, सील किंवा तो प्लगच. दोन नंबरची कॉइल तीन नंबरवर लावा. मिसिंग तिच्याबरोबर तीनवर गेलं तर कॉइल गेलीय. नाही गेलं तर प्लगची अदलाबदल करून बघा. यात एक पैसा लागत नाही.

सिरॅमिकवर, धातूच्या कडेला लागून, कधी कधी तपकिरी वलय दिसतं. तो डाग बघून लोक घाबरतात, प्लगमधून सिलिंडरमधला जळका वायू बाहेर येतोय म्हणतात. विजेच्या दाबामुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, एवढंच ते असतं, प्लग चांगला असतो. पण टोपणापासून खाली उतरणारी पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल, तर ठिणगी आत न पडता बाहेरून पळतेय. तिथे प्लग आणि टोपण दोन्ही बदला. तडा गेलेला प्लग तर टाकूनच द्या.

एवढं सगळं बघून पुसण्याच्या लायकीचा प्लग कोणता उरतो? साधा निकेलचा, दहा-बारा हजार किलोमीटरच्या आतला, कोरड्या काजळीचा किंवा पेट्रोलने भिजलेला, कडा टोकदार असलेला, आणि ज्याच्या काजळीचं कारण तुम्ही काढून टाकलंय असा. त्याला कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, नायलॉनच्या ब्रशने घासा, हवा मारून पूर्ण वाळवा. जुना टूथब्रश उत्तम. लोखंडी तारेचा ब्रश सिरॅमिकवर चालवू नका. तारेचे कण सिरॅमिकवर घासले जातात आणि त्यावरून वीज वाट काढते. पॉलिश पेपर फक्त इलेक्ट्रोडच्या, म्हणजे मधली काडी आणि वाकडी पट्टी यांच्या, समोरासमोरच्या बाजूंना, हलक्या हाताने. वाळूच्या फवाऱ्याच्या यंत्रातून प्लग काढून देतात, तेही मी करून घेत नाही, आत अडकलेला एखादा कण सिलिंडरमध्ये जातो. इरिडियमची मधली काडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक असते. तिला ब्रश लावू नका, गॅप लावायला तिच्यावर जोरही देऊ नका. ती खराब झाली तर प्लग बदलायचा, दुसरा उपाय नाही.

गॅप फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजा. आता ब्लेड चालत नाही, बऱ्याच नव्या गाड्यांना ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान लागते आणि प्रत्येकीची वेगळी. कमी-जास्त करायची असेल तर फक्त बाहेरची पट्टी वाकवा. बदलायचे तर सगळे एकदम बदला. एक नवा आणि दोन थकलेले असं केलं की पुन्हा सहा महिन्यांनी बॉनेट उघडावं लागतं.

बसवताना घाई करू नका. पाच-सहा इंच रबरी नळीचा तुकडा प्लगच्या वरच्या टोकाला चढवा आणि नळी बोटांनी फिरवून आटे धरू द्या. तिरका गेला तर नळी निसटते, आटे वाचतात. बाबांचीच ही युक्ती. हाताने पूर्ण बसल्यावर पाना. वॉशरवाला नवा प्लग साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, कारण वॉशर दबायचा असतो. तोच प्लग परत लावताना जेमतेम बाराव्या हिश्शाचा फेरा पुरतो, घड्याळाचा काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जातो तेवढाच. माझ्या आधीच्या गाडीचे प्लग एका गॅरेजात लांब दांडी लावून आवळले होते. पुढच्या वेळी प्लगबरोबर हेडचे आटेही बाहेर आले. नव्या आट्यांचा इन्सर्ट टाकून घ्यावा लागला, गाडी आठवडाभर उभी.

मिसिंग असताना "चालतेय ना" म्हणून गाडी पळवत राहू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि तो भाग निकामी करतं. त्याची किंमत प्लगांच्या कितीतरी पट. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला तर पाय काढा, बाजूला घ्या.

नवे प्लग लावले की रिकाम्या खोक्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून ते मी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकते. सध्याच्या खोक्यावर ४१,३०० लिहिलंय. भावोजींच्या गाडीतल्या खोक्यावर किलोमीटरशेजारी "चोक केबल, तेल" असंही लिहून ठेवलंय, म्हणजे पुढच्या वेळी काळे निघाले तर आधी कुठे बघायचं ते कळेल.