धमकीचा मेसेज आल्यावर: पुरावा, तक्रार आणि पाठवणाऱ्यावर होणारी कारवाई

फोनवर धमकी आली की मेसेज पुसून नंबर ब्लॉक करावासा वाटतो. तेवढे मात्र करू नका. पुढे केस उभी राहणार की नाही, हे बरेचसे पहिल्या दिवशी तुम्ही काय जपून ठेवले आणि तक्रारीत काय लिहिले यावर ठरते. समोरचा माणूस घराच्या आसपास असल्याची शंका असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून ११२ लावा. मुंबईत महिलांसाठी १०३ हा क्रमांकही आहे.

पुरावा असा जपा

व्हॉट्सॲपवर आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू असतील तर आधीच आलेले मेसेज ती सुविधा बंद करूनही राहत नाहीत, ठरलेल्या वेळी जातातच. म्हणून स्क्रीनशॉट लगेच काढा. त्यात तारीख, वेळ आणि पूर्ण नंबर दिसला पाहिजे. इथेच सर्वाधिक चूक होते. नंबर नावाने सेव्ह असेल तर स्क्रीनशॉटमध्ये फक्त नाव उमटते, आणि नाव काय कोणालाही काहीही देता येते. त्या संपर्काचे माहितीचे पान उघडून नंबरसह त्याचाही वेगळा स्क्रीनशॉट घ्या. फक्त धमकीची ओळ कापून ठेवू नका, आधीचे-नंतरचे संभाषणही असू द्या. चॅट 'एक्सपोर्ट' करून स्वतःला ईमेल करा.

मूळ फोन विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रिंट किंवा कॉपी दिली तर सोबत प्रमाणपत्र लागते, आणि त्याच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यूही (फाइलची संगणकाने काढलेली अंक-अक्षरांची खूण) भरावी लागते. जालन्यातील विधानसभा निवडणुकीवरून सुरू झालेल्या अर्जुन खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, जुन्या कायद्याखाली, हेच स्पष्ट केले होते: प्रमाणपत्र आवश्यकच, पण मालकाने मूळ उपकरणच कोर्टात आणून सिद्ध केले तर त्याची गरज नाही. तुमचा जुना, तडा गेलेला फोनही म्हणूनच मोलाचा.

कायद्याच्या नजरेत धमकी कोणती

१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ लागते, जुन्या भारतीय दंड संहितेतील ५०३, ५०६ आणि ५०७ च्या जागी. शरीर, मालमत्ता किंवा अब्रूला बेकायदा इजा करण्याची भीती घालणे, तेही घाबरवण्याच्या किंवा एखादी गोष्ट करायला भाग पाडण्याच्या हेतूने, म्हणजे हा गुन्हा. तुमच्या आईला किंवा मुलाला इजा करण्याची धमकीही यात येते. 'कोर्टात खेचीन' ही धमकी नाही, कारण कायद्याचा मार्ग धरणे ही बेकायदा इजा नव्हे. नुसती शिवीगाळही या कलमात बसेलच असे नाही.

साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ठार मारण्याची, गंभीर दुखापतीची, आग लावून नुकसान करण्याची किंवा स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याची धमकी असेल तर कैद सात वर्षांपर्यंत. ओळख लपवून धमकी दिली तर त्यावर आणखी दोन वर्षांपर्यंत. दुसऱ्याच्या नावाचे सिम वापरणाऱ्यांनी हे नीट वाचावे.

पैसे मागितले असतील तर खंडणीचे कलम ३०८ येते. स्त्रीने स्पष्ट नकार देऊनही संपर्क चालूच असेल तर पाठलागाचे कलम ७८: पहिल्या वेळी तीन, पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. बॉम्बची खोटी अफवा पसरवली तर कलम ३५३. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ मात्र तक्रारीत लिहू नका. सर्वोच्च न्यायालयाने ते २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले आहे.

तक्रार लिहिताना

कलमे पोलीस लावतील. तुम्ही मेसेजचे शब्द जसेच्या तसे, शिव्यांसकट, तारीख-वेळेनिशी लिहा. 'मला धमकावले' एवढ्याने भागत नाही. वादाचे मूळ काय (सोसायटीचे पार्किंग, भाडे, मोडलेले लग्न), पैशांची मागणी झाली का, मेसेज थांबवायला केव्हा सांगितले आणि त्यानंतर किती आले, हे सांगा. या तपशिलांवरच पुढचा मोठा फरक पडतो.

तो फरक असा. नुसत्या कलम ३५१ च्या तक्रारीवर ठाण्यात बहुधा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवली जाते, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस आणि न्यायालयांच्या कार्यपद्धतीचा कायदा) अनुसूचीत हा गुन्हा अदखलपात्र आहे, आणि अदखलपात्र गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. पण खंडणी किंवा पाठलागासारखा एकही दखलपात्र गुन्हा जोडीला असेल, तर त्याच संहितेच्या कलम १७४ नुसार सगळे प्रकरणच दखलपात्र ठरते. मग एफआयआर, आणि त्याची प्रत विनामूल्य. एनसी मिळाली म्हणूनही निराश होऊ नका. तिच्या आधारे पोलीस 'चॅप्टर केस' करू शकतात, म्हणजे शांतता राखण्याचे एक वर्षापर्यंतचे बंधपत्र कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकरवी लिहून घेऊ शकतात. शेजाऱ्यांच्या भांडणात हा उपाय खटल्यापेक्षा लवकर कामी येतो.

नंबर अनोळखी असेल, बनावट प्रोफाइल असेल, तर विभागातील सायबर पोलीस ठाणे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. स्थानिक ठाणे हद्दीचे कारण देऊन परत पाठवू शकत नाही. दखलपात्र गुन्हा असेल तर झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. तरी नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना लेखी अर्ज पाठवा, पोचपावती ठेवा. त्यानंतरची पायरी न्यायदंडाधिकारी.

कर्जवसुलीवाल्यांच्या धमक्या असतील तर पोलिसांबरोबर बँकेकडेही लेखी तक्रार करा. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

मेसेज तुम्हीच पाठवला असेल तर

आणखी एकही मेसेज पाठवू नका, मित्राकरवीही नाही. माफीचा मेसेजही वकिलाला विचारून, कारण 'तो मीच पाठवला' याची ती कबुली ठरू शकते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची पोलिसांची नोटीस आली तर दिलेल्या तारखेला हजर राहा. नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक होत नाही, टाळणाऱ्याला होऊ शकते. कोर्टात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो आणि न्यायालयाची परवानगी आणावी लागते. सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीतही तो दिसतो.

साध्या धमकीच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला तीन वर्षांची मुदत आहे. तक्रारदाराला तेवढा वेळ दिसतो खरा, पण मोबाइल कंपन्यांना कॉलच्या नोंदी किमान दोनच वर्षे ठेवणे बंधनकारक आहे.