घोड्याची रक्ततपासणी: रिपोर्टवर विसंबण्याआधी या चुका टाळा

महालक्ष्मीचा रेसचा घोडा असो की वरातीचा, ग्लँडर्स या घोड्यांच्या जिवाणूजन्य साथरोगाच्या रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की मालकाच्या पायाखालची जमीनच सरकते. साहजिक आहे, कारण रोगावर शिक्कामोर्तब झालं की घोड्याला मरण दिलं जातं. म्हणूनच पहिल्या रिपोर्टला अंतिम निकाल समजू नका.

समजा, १,००० घोड्यांत एकच आजारी आहे आणि चाचणी निरोगी घोड्यांत १०० पैकी ९९ वेळा बरोबर ठरते. तो एक सापडेल, पण त्याच्यासोबत दहाएक धडधाकट घोडेही पॉझिटिव्ह दिसतील. रोग जितका दुर्मीळ, तितकी ही गफलत मोठी. म्हणून एलायझा या पहिल्या रक्तचाचणीनंतर हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी खातरजमेची दुसरी चाचणी लागतेच. तोवर घोडा वेगळा बांधा. बादली, खरारा, लगाम कुणालाही देऊ नका. हा रोग माणसालाही होतो, त्यामुळे घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराला हातमोजे आणि मास्क द्याच.

बऱ्याच चुका नमुना लॅबमध्ये पोहोचण्याआधीच होतात. मुंबईच्या मे महिन्यात नळी स्कूटरच्या डिकीत टाकून परळच्या लॅबपर्यंत नेली तर रक्तपेशी फुटतात. लाल झाकणाच्या नळीतलं रक्त सावलीत उभं ठेवून साकळू द्या, वर सुटलेलं पाणी, म्हणजे सीरम, वेगळं काढून घ्या आणि मगच बर्फाच्या पॅकसोबत पाठवा. अख्खं रक्त फ्रीझरमध्ये कधीही ठेवू नका. घोड्याचं सीरम मुळातच पिवळसर असतं, ते पाहून काविळीची शंका घेऊ नका. लालसर दिसलं तर मात्र नमुना पुन्हा घ्या. जांभळ्या झाकणाची नळी रक्ताची काच (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला काचेवर पसरलेलं रक्त) आणि पीसीआरसाठी. तिच्यातल्या रसायनामुळे ग्लँडर्सची खातरजमेची चाचणी बिघडते.

‘निगेटिव्ह’ही फसवतो. सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगात ताप उतरल्यावर काचेवर जंतू सापडेलच असं नाही. ताप चढलेला असतानाच रक्त घ्या. घोड्यांच्या संसर्गजन्य ॲनिमियात प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिनं) तयार व्हायला ४५ दिवसांपर्यंत, क्वचित त्याहून जास्त वेळ लागतो. नवा घोडा घेतलात तर दोन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि तोवर हा रोग पसरवणाऱ्या माश्यांपासून जपा. लहान शिंगराची गोष्ट उलटी: चिकातून आलेली आईची प्रतिपिंडं काही महिने त्याच्याच रक्तात दिसतात आणि रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह येतो.

आणि इन्फ्लुएंझाची लस टोचली असेल तर तारीख फॉर्मवर लिहाच. नाहीतर लसीचीच प्रतिपिंडं रोगाच्या खाती जमा होतील.